दम लागतो म्हणून लेकराला बसवून ठेवू नका

जयंती जवळ आली की वडूजच्या आपल्या वस्तीत संध्याकाळी विहारापुढे लेझमीचा सराव सुरू होतो. एका संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर बसून सराव पाहत होतो. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दोन-चार डाव खेळला आणि बाजूला येऊन बसला. अंगाने भरलेला, गाल वर आलेले. छाती वरखाली होत होती. बसल्यावर पाच-सात मिनिटांनी कोरडा खोकला सुरू झाला तो थांबेना. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अंगानं जड हाय, दम लागणारच. कशाला नाचवताय त्याला?" त्याची आई म्हणाली, "रात्रीचाबी खोकतोय. डॉक्टरांनी पंप सांगितला व्हता. पण पंपाची सवय लागती म्हणत्यात, म्हणून आमी गोळ्याच देतो."

या दोन बोलण्यांत आजचा सगळा विषय आलेला आहे. मुलाचे वजन जास्त होते आणि त्याला दमाही होता. घरच्यांनी प्रेमापोटीच त्याला खेळातून बाजूला बसवले, पंप बंद करून गोळ्या दिल्या, आणि बसल्या जागी रडू नये म्हणून हातात पुडा दिला. या तिन्ही गोष्टींनी त्याचे वजनही वाढत होते आणि दमाही.

लहान मुलांचा लठ्ठपणा आणि दमा हे दोन वेगळे आजार असले तरी ते एकमेकांना धरून चालतात. वजन दम्याला वाढवते आणि नीट उपचार न झालेला दमा वजनाला वाढवतो. ही साखळी कशी तयार होते आणि आपल्या घरातून ती कशी तोडता येते, ते या वेळी पाहू.

दमा म्हणजे नेमके काय?

आपल्या फुफ्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या उलट्या धरलेल्या झाडासारख्या असतात. एका खोडाला फांद्या, फांद्यांना बारीक डहाळ्या. दमा असलेल्या मुलाच्या या नळ्यांना आतून कायम थोडी सूज असते. धूर, धुरळा, सर्दी, थंड हवा असे काही निमित्त झाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतली सूज वाढते आणि चिकट कफ साचतो. वाट अरुंद होते. आत गेलेली हवा बाहेर पडताना शिट्टीसारखा आवाज येतो, त्याला आपण घरघर म्हणतो.

झटका ओसरला की मूल ठणठणीत दिसते. म्हणून "बरा झाला" असे समजून औषध बंद केले जाते. पण आतली सूज तशीच असते. दमा एकापासून दुसऱ्याला लागत नाही. तो कुणाची करणी नाही, बाहेरची बाधा नाही आणि मागच्या कशाचे फळही नाही. नळ्यांचा आजार आहे आणि त्याला औषध आहे.

तरीही आपल्या देशात हे औषध पोहोचत नाही. २०१९ च्या जागतिक आजार-गणनेनुसार भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांना दमा आहे. जगातील दमेकऱ्यांपैकी हे साधारण १३ टक्के. पण जगात दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू भारतात होतात. कारण समजायला अवघड नाही. देशात नऊ ठिकाणी सव्वा लाखाहून अधिक लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना घरघर होती त्यांतल्या ८२ टक्के लोकांना हा दमा आहे असे कुणी सांगितलेलेच नव्हते. आणि रोज घ्यायचा पंप घेणारे त्यांत अडीच टक्क्यांहूनही कमी निघाले.

वजनाचा श्वासाशी संबंध कसा?

पहिले कारण जागेचे. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुफ्फुसे फुगतात. पोटात आणि पोटावर चरबी साठली की पडद्याला खाली सरकायला जागा कमी पडते. श्वास उथळ होतो. फुफ्फुसे पुरेशी फुगली नाहीत की बारीक नळ्याही पुरेशा ताणल्या जात नाहीत आणि सहज आवळतात.

दुसरे कारण चरबीचे. चरबी म्हणजे अंगात नुसती पडून राहिलेली साठवण नव्हे. ती रक्तात काही द्रव्ये सोडत असते आणि त्यांतली काही अंगात हलकी सूज टिकवून ठेवतात. ज्या नळ्यांना आधीच सूज आहे त्यांना हे बाधते. म्हणूनच वजन फार असलेल्या काही मुलांत नेहमीच्या औषधाचा गुण काहीसा कमी येतो.

तिसरे कारण वाढीचे. वजन जास्त असलेल्या काही मुलांत फुफ्फुसे मोठी होतात, पण नळ्या त्या मानाने रुंद होत नाहीत. पोते मोठे आणि तोंड अरुंद असले की धान्य ओतायला वेळ लागतो, तसा श्वास बाहेर टाकायला वेळ लागतो. शिवाय वजनामुळे झोपेत घोरणे, श्वास अडकणे आणि पोटातले आम्ल घशाशी येणे हेही वाढते. त्याने रात्रीचा खोकला बळावतो.

अमेरिकेत ५ लाखांहून अधिक मुलांच्या दवाखान्यातील नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लठ्ठ मुलांना दमा होण्याचा धोका योग्य वजनाच्या मुलांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसला. मुलांत जादा वजन नसतेच तर दम्याच्या दर १०० पैकी साधारण १० रुग्ण टळले असते, असा संशोधकांचा अंदाज आहे. या आकड्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. उरलेल्या ९० मुलांचा दमा वजनामुळे आलेला नसतो. म्हणून दमा असलेल्या प्रत्येक जाड मुलाला "खातोस म्हणून झालं" असे म्हणणे चुकीचे आहे. आणि बारीक मुलाला दमा होत नाही असे समजणेही तितकेच चुकीचे.

उलटी वाट: दम्याकडून वजनाकडे

अमेरिकेतल्याच दक्षिण कॅलिफोर्निया भागात ५ ते ८ वर्षांची २,१७१ मुले निवडली गेली. सुरुवातीला त्यांतले एकही लठ्ठ नव्हते. त्यांच्यावर दहा वर्षांपर्यंत लक्ष ठेवले. २०१७ साली निष्कर्ष आले. ज्या मुलांना सुरुवातीला दमा होता त्यांच्यात पुढे लठ्ठ होण्याचा धोका ५१ टक्क्यांनी जास्त होता. आणि दम्याच्या झटक्यात तातडीचे औषध वापरणाऱ्या मुलांत हा धोका ४३ टक्क्यांनी कमी होता. "पंपानं पोरगं फुगतं" असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हा अभ्यास उलटे सांगतो.

याचे कारण घरात बघितले तर दिसते. दमा असलेल्या मुलाला शाळेत खेळाच्या तासाला बाकावर बसवतात. घरी "धुरळ्यात जाऊ नको" म्हणून मोबाईल देतात. रात्री खोकल्याने झोप होत नाही, दिवसा मूल मरगळलेले राहते. त्यात भर म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन अशा गोळ्या "दम्याच्या गोळ्या" म्हणून कागदाच्या पुडीत बांधून मिळतात. दोन दिवसांत गुण येतो, म्हणून पुन्हा पुन्हा आणल्या जातात. या गोळ्यांनी भूक वाढते, चेहरा गोल होतो, पोट सुटते, हाडे ठिसूळ होतात, उंचीची वाढ मंदावते. घरचे म्हणतात, पोरगं बाळसं धरतंय. ते बाळसे नसते.

"आमचं पोरगं कुठं जाडं हाय?"

हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. आपल्या घरांत खाण्याची ददात होती, तिथे लठ्ठपणाची काय चर्चा? पण नेमकी इथेच काळजी घ्यायची आहे.

खटाव तालुक्याची उपासमार आपल्या इतिहासात नोंदलेली आहे. १९०१ च्या सुमारास रामजी सकपाळ याच तालुक्यात गोरेगाव येथे रोखपाल म्हणून कामाला होते. दुष्काळात अन्नावाचून मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. अर्धपोटी राबणाऱ्या आयांच्या कितीतरी पिढ्या या मुलखात होऊन गेल्या.

अशा आयांच्या बाळांची शरीरे कशी असतात, याचा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत हे काम सुरू झाले. तिथल्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. म्हणजे आपली बाळे खूप लहान. पण ती सगळीकडून सारखी लहान नव्हती. त्यांच्यात स्नायू कमी होते आणि चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीचे. असे बाळ पुढे भाकरी-कालवणावर, खेळत-पळत वाढले तर ठीक. पण त्याला तेलकट आणि गोड खाऊ मिळाला आणि खेळ बंद झाला, तर चरबी पहिल्यांदा पोटावर चढते. पडद्याला अडवणारी चरबी तीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांत जादा वजनाची मुले २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. म्हणजे एकाच राज्यात, कधी एकाच गल्लीत, कधी एकाच घरात खुजे मूलही आहे आणि जाड मूलही.

तेव्हा डोळ्यांनी अंदाज करू नका. घरच्या घरी करण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. मूल सहा वर्षांपेक्षा मोठे असेल तर त्याच्या उंचीएवढी सुतळी कापा. ती बरोबर मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी बेंबीच्या पातळीवर मुलाच्या पोटाभोवती धरा. दोन्ही टोके सहज एकमेकांना मिळाली तर ठीक. मिळत नसतील तर पोटावर चरबी जास्त आहे असे समजून डॉक्टरांकडून वजन-उंची तपासून घ्या. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी वाढीचे सुधारित तक्ते केले आहेत. मुलाचे वजन-उंची त्यावर मांडून दाखवा, असे डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

प्रत्येक धाप दम्याची नसते

जाड मुलाला पळताना लागणारी धाप नुसती सवय नसल्यामुळेही असू शकते. ती थांबल्यावर दोन-चार मिनिटांत उतरते, खोकला-घरघर नसते. दम्याची धाप वेगळी. खेळताना किंवा खेळ थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, शिट्टी वाजते. रात्री, पहाटे, हवा बदलताना, हसल्या-रडल्यावर त्रास वाढतो. घरात कुणाला दमा, सतत शिंका किंवा अंगाला खाज सुटण्याचा त्रास असतो.

रक्त कमी असले, हृदयाच्या झडपेचा दोष असला तरी मुलाला धाप लागते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे असे असेल तर क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे. म्हणून "वजन कमी करा, सगळं बरं होईल" एवढ्यावर समाधान मानू नका आणि "दमाच आहे" असे घरी ठरवून मेडिकलमधून गोळ्याही आणू नका. छाती तपासून घ्या. साधारण पाच-सहा वर्षांवरील मुलांची फुंकण्याची तपासणी करता येते. नळीत जोराने फुंकून श्वास किती अडतो ते कळते. ती कुठे होईल, हे ग्रामीण रुग्णालयात विचारावे.

पंपाची भीती काढून टाका

पंप दोन प्रकारचे असतात. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

पहिला आवळलेल्या नळ्या लगेच मोकळ्या करतो. त्यात बहुधा सालब्युटामॉल हे औषध असते आणि तो बहुधा निळ्या रंगाचा असतो. झटक्यात वापरायचा तो हा. दुसरा नळ्यांची सूज कमी करतो. त्यात बुडेसोनाइडसारखे स्टिरॉइड अगदी थोड्या मात्रेत असते. मूल बरे दिसत असले तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस तो रोज घ्यायचा असतो. निळाच पंप सारखा लागत असेल तर दमा ताब्यात नाही असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

"स्टिरॉइड" शब्दाने घाबरून जाऊ नका, मात्रा पाहा. पंपातून लहान मुलाला दिवसाला साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड दिले जाते. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एकच गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. पंपातले औषध थेट नळ्यांवर पडते, गोळीतले पोटातून सगळ्या अंगात जाते. पंपाने काही मुलांची उंची साधारण एखाद्या सेंटिमीटरने कमी राहू शकते. पण ताब्यात न ठेवलेला दमा आणि वारंवारच्या गोळ्या याहून कितीतरी जास्त नुकसान करतात. मोठ्या झटक्यात डॉक्टर तीन-पाच दिवस गोळ्या देतात तेव्हा त्या जीव वाचवतात, त्या जरूर घ्याव्यात. मात्र महिनोन्‌महिने चाललेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंदही करू नयेत.

पंपाची सवय लागत नाही. चष्म्याला जितकी सवय म्हणता येईल तितकीच ती. मुलीचा पंप तर घराबाहेर कळू नये म्हणून लपवला जातो, "उद्या लग्नाला अडचण" म्हणून बंद केला जातो. वयात आल्यानंतर मुलांपेक्षा मुलींत दम्याचे प्रमाण वाढते. त्याच वयात तिचे खेळणेही थांबवले जाते. मुलीचा श्वास कोंडून तिचे लग्न सोपे होत नाही.

लहान मुलाने पंप थेट तोंडात मारला तर औषध जिभेवर आणि घशातच राहते. मध्ये स्पेसर नावाचे नळकांडे लावावे लागते. ते विकत घेणे परवडत नसेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली दाखवून दिले, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे छिद्र पाडून केलेला स्पेसरही मुलांना चांगला उपयोगी पडतो. तो डॉक्टर किंवा सिस्टरकडून बघून घ्या आणि वापरण्याची पद्धत त्यांच्यासमोर करून दाखवा. सूज कमी करणाऱ्या पंपानंतर मुलाने चूळ भरून पाणी थुंकावे, म्हणजे तोंड येत नाही.

ताटातला बदल

बौद्ध साहित्यात कोसल देशाच्या प्रसेनजित राजाची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भाताचे जेवण करायचा. एकदा तो भरपेट जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही आणि त्याची थट्टाही केली नाही. जेवताना भान ठेवावे, मात्रा ओळखावी, एवढेच सांगितले. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ते वचन पाठ करायला लावले आणि रोज जेवताना म्हणायला बसवले. जेवण हळूहळू कमी झाले, अंग हलके झाले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या गोष्टीत पोट, धाप आणि उपाय तिन्ही आहेत.

वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचे नसते. बहुतेक मुलांचे वजन आहे तिथे थांबवले आणि उंची वाढू दिली तरी पुरते. ऑस्ट्रेलियात लठ्ठ आणि दमा असलेल्या मुलांना दहा आठवडे मोजून आहार दिला, तेव्हा त्यांचे वजनही उतरले आणि दमाही अधिक ताब्यात आला. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे वर्षानुवर्षे थांबावे लागते असे नाही.

आई पहाटे कांद्याच्या किंवा ऊसाच्या कामाला जाते. पोराच्या हातावर दहा रुपये ठेवते. त्यात पाच रुपयांचा तिखट-मिठाचा पुडा आणि गोड थंड पेय येते. हा दोष आईचा नाही. पण उपाय घरातच शोधावा लागेल.

गोड थंड पेय पूर्ण बंद करा. पाव लिटरच्या बाटलीत साधारण पाच चमचे साखर असते. मोठ्या माणसानेही दिवसभरात सगळी मिळून सहा चमच्यांच्या आत राहावे, हे चांगले, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चहात बुडवून बिस्किटाचा अख्खा पुडा किंवा खारी-बटर खाणे ही न्याहारी नव्हे. रात्रीची भाकरी आणि मूठभर भाजके शेंगदाणे, उकडलेले अंडे, भिजवलेली मटकी डब्यात ठेवता येते. आपल्या माण-खटावचे हुलग्याचे माडगे, बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी, पालेभाजी, कधी सुकट हे गरिबीचे जेवण म्हणून सोडून देऊ नका. हंगामात पेरू, बोरे, चिंचा-आवळे आहेतच. ताटात अर्धी भाजी-उसळ, उरलेल्या अर्ध्यात भाकरी-भात. आणि हा नियम एकट्या मुलाला नको, सगळ्या घराला असावा. बाप वडापाव आणून समोर खातो आणि पोराला उसळ, असे चालत नाही.

मुलाला "जाड्या", "ढोल्या" म्हणू नका. नाव ठेवून माणसाला खाली बसवणे काय असते हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. थट्टेला कंटाळलेले मूल खेळात येत नाही आणि एकटे बसून जास्त खाते.

खेळ थांबवायचा नाही

मुलाला रोज एक तास तरी पळापळीचा खेळ हवा. दमा ताब्यात असलेले मूल कबड्डी, लेझीम, सायकल सगळे खेळू शकते. सुरुवातीला दहा मिनिटे हळूहळू अंग तापवावे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळाआधी दहा-पंधरा मिनिटे निळ्या पंपाचे फवारे घ्यावेत. धुरळा फार असेल तर पाणी शिंपडून मग खेळावे. छातीत घरघर सुरू असलेल्या दिवशी मात्र विश्रांती. शाळेत गुरुजींना आणि बाईंना सांगून ठेवा, पंप दप्तरात असू द्या. खेळताना पुन्हा पुन्हा खोकला येत असेल तर उपचार कमी पडतो आहे असे समजा. खेळ बंद करू नका, डॉक्टरांना गाठा.

घरातला धूर

वजन उतरायला महिने लागतात, धूर आज कमी करता येतो. बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या एका मच्छर कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असे २००३ सालच्या एका अभ्यासात आढळले. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. चुलीशेजारी मुलाला झोपवू नका. मशेरी भाजणे घरात नको, बिडी-सिगारेटही नको. दारात कचरा, प्लास्टिक जाळू नका. वंदनेच्या वेळी खोली लहान असेल तर अगरबत्तीऐवजी फुले पुरतात. मिरवणुकीत फटाके आणि उधळण जिथे असेल तिथून दमा असलेले मूल थोडे लांब असू द्या.

झटका आला तर

मुलाला बसते करा, आडवे करू नका. स्पेसर लावून निळ्या पंपाचा एक फवारा, त्यावर चार श्वास. असे एकेक करून चार फवारे द्या. चार मिनिटे थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार द्या आणि दवाखान्याकडे निघा. मूल एक वाक्यही सलग बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले किंवा मूल गुंगीत गेले तर क्षणही न घालवता १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत फवारे देत राहा.

विहारातून काय करता येईल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासते. त्यांच्या तपासणीच्या यादीत वारंवार घरघर होणारा श्वासाचा आजारही आहे. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत हजर ठेवा आणि "रात्री खोकतो, पळाल्यावर छाती वाजते" हे सांगा. न सांगता पाच मिनिटांत ते त्यांना दिसणार नाही. आशाताईंकडूनही पथकाचा दिवस कळतो.

महिला मंडळाने एका पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास काढावा. एक वजनकाटा, भिंतीवर उंचीच्या खुणा आणि एक सुतळीचे रीळ एवढेच लागते. प्रत्येक मुलाचे वजन, उंची, सुतळीची चाचणी आणि रात्रीचा खोकला असल्यास त्याची नोंद वहीत करावी. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. वहीतले आकडे मोठ्याने वाचून दाखवू नयेत, ते आईच्या हातात द्यावेत. ज्यांच्या पुढे खूण पडेल त्या मुलांना घेऊन दोघी-तिघींनी मिळून दवाखान्यात जावे. एकटी आई घाबरते, चौघी गेल्या की डॉक्टरांना प्रश्न विचारता येतात.

लेझमीच्या सरावात बसून राहिलेल्या त्या मुलाच्या आईशी आम्ही नंतर बोललो. गोळ्या कोणत्या ते पुडीवरून कळत नव्हते. उरलेल्या गोळ्या आणि जुनी चिठ्ठी घेऊन ती मुलासह पुन्हा दवाखान्यात गेली. पंप परत सुरू झाला, बाटलीचा स्पेसर तिथल्या सिस्टरनी तपासून दिला, गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कमी करत आणल्या. त्याचे वजन अजून फारसे उतरलेले नाही. रात्रीचा खोकला मात्र थांबला आहे आणि संध्याकाळी तो पटांगणात असतो. थकला की बसतो, परत उठतो. आजी अजूनही "जपून रं" म्हणतात. पण त्याला आता कुणी बसवून ठेवत नाही.